गरम ठेवा, तापवू नका

कॉफी झाली की घरभर दरवळ सुटतो आणि सगळे खूश होतात. पण हा वास कपातूनच उडालेला असतो! खोलीत जेवढा भरला तेवढा घोटातून वजा. तेव्हा नंतरच्या कपाला पहिल्याची सर यायची नाही, हे आधीच मान्य करून टाकावं. पण निदान तो कप तोंड वाकडं न करता पिता यावा, एवढी अपेक्षा काही फार नाही.

आपण काय करतो, तर उरलेली कॉफी मंद आचेवर ठेवून देतो. घात होतो तो इथेच. कॉफीत क्लोरोजेनिक आम्लं असतात. सतत आच लागत राहिली की ती हळूहळू फुटतात आणि क्विनिक, कॅफेइक आम्लं वाढत जातात. घोट गिळल्यावरही घशाशी रेंगाळणारा तो आंबट-तुरटपणा यांचाच. त्यात पाणी आटत जातं, भांड्याच्या कडेला तपकिरी वळं धरतं आणि उरतो तो काढा. कॉफी यंत्राखाली गरम तबकडी बसवण्याची कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला स्वतःला बहुधा चहा आवडत असावा.

यावर उपाय थर्मास. शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ साली निर्वात भिंतींचं हे भांडं केलं ते अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. कॉफीची सोय आपसूक झाली. थर्मास आच देत नाही, असलेली ऊब धरून ठेवतो, आणि आपल्याला हवं असतं तेवढंच. मात्र आधी त्यात कढत पाणी ओतून पाच मिनिटं ठेवावं, नाहीतर कॉफीची पहिली ऊब भांडंच पिऊन टाकतं. कॉफी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. चोथा गाळलेला हवा. तो राहिला तर अर्क उतरतच राहतो आणि कडूपणा वाढतो. दूध आयत्या वेळी घालावं. आणि झाकणाची रबरी चकती काढून हुंगून बघावी. मागच्या कॉफीचं तेल तिथे खवट होऊन बसलेलं असतं आणि दोष मात्र ताज्या कॉफीवर येतो.

एवढं करूनही तासा-दोन तासांत चव उतरतेच. मग ती पुन्हा तापवायच्या फंदात पडू नये. उडालेला वास काही परत येत नाही. कोरी असेल तर बर्फाच्या साच्यात ओतावी. थंड कॉफीत हे खडे टाकले की ते विरघळले तरी ती पाणचट होत नाही.