कू चीची माती कुठे गेली?

व्हिएतनामचा बेत आखणारे बरेच जण सध्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "कू चीचे बोगदे बघण्यासारखे आहेत का हो, की पर्यटकांना गंडवायचं काम?" चालता चालता बोलायचं म्हणजे धाप लागते, म्हणून इथे लिहून टाकतो.

आहेत बघण्यासारखे. हे बोगदे म्हणजे आधी फ्रेंचांशी आणि मग अमेरिकनांशी लढताना व्हिएतनामी गनिमांनी आणि गावकऱ्यांनी जमिनीखाली खोदलेलं भुयारांचं जाळं. फक्त मी ते सगळ्यांच्या नजरेने पाहिले नाहीत, एवढं आधी सांगतो. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवे, चाऱ्या, पाझर तलाव. त्यात सासुरवाड निफाड तालुक्यातली, त्यामुळे सुट्टीतसुद्धा कोणाची तरी विहीर चाललेलीच असायची आणि सासरे मला तिथे उभं करायचेच. त्यामुळे जमिनीत भोक दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो तो मातीचा. खोदलंत ते टाकलं कुठे? साइटवरची निम्मी भांडणं ह्याच एका गोष्टीवरून होतात. शेजारच्या बांधावर दोन घमेली पडली तरी माणसं कोर्टात जातात.

तर टूर. हो ची मिन्ह सिटीत सकाळी साडेसातच्या सुमाराला हॉटेलच्या दारात मिनीबस येते आणि दुपारच्या जेवणापर्यंत परत आणून सोडते. आम्ही चौघे होतो: मी, आमची ही, शालक आणि त्याची बायको. बाकी बसमध्ये ऑस्ट्रेलियाचं एक म्हातारं जोडपं आणि चार-पाच पोरं. कू ची हा शहराच्या वायव्येचा ग्रामीण भाग. बघायला दोन ठिकाणं आहेत, बेन दिन्ह आणि बेन दुओक. अर्ध्या दिवसाच्या बहुतेक टूर्स बेन दिन्हला नेतात, कारण ते जवळ. जवळ म्हणजे तरी दीड-दोन तास, कारण शहरातून बाहेर पडेपर्यंत स्कूटरवाले तुम्हाला सोडत नाहीत. मग रबराची झाडं लागतात, ओळीत लावलेली.

वाटेत एका कारखान्यात थांबवतात. एजंट ऑरेंजमुळे जन्मतः अपंग झालेली माणसं तिथे लाखेच्या वस्तू करतात. अमेरिकेने १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं जंगलावर आणि पिकांवर तणनाशकं फवारली. एजंट ऑरेंज त्यातलंच एक, आणि त्यातल्या डायऑक्सिन ह्या विषाचं देणं पुढच्या पिढ्या फेडताहेत. एक मुलगी चिमट्याने अंड्याच्या टरफलाचा नखाएवढा तुकडा उचलून काळ्या पाटीवर ठेवत होती. ठेवला की बोटाने दाबायची, त्याला बारीक तडे जायचे, मग पुढचा तुकडा. त्यातून बगळा तयार होत होता. पलीकडे विक्रीचं दालन, तिथे किमतींवरची शून्यं मोजता मोजता आमच्या दोघींनी खरेदी उरकली. मी बाहेर येऊन थांबलो. ज्या दुःखाला दुकान जोडलेलं असतं तिथे मला कसं वागावं ते कळत नाही.

बेन दिन्हला पोचल्यावर आधी एक जुनी काळी-पांढरी फिल्म दाखवतात. युद्धाच्या काळातलीच, एकदम सरळसोट प्रचारकी. हसऱ्या पोरी, खांद्यावर बंदूक, अमेरिकन मारल्याबद्दल पदक. ऑस्ट्रेलियन आजोबा शांतपणे बघत होते. ते त्या युद्धात होते की नाही, हे विचारायचं आमच्यापैकी कोणालाच धाडस झालं नाही.

मग जंगलात गाइडने आम्हाला एका जागी उभं केलं आणि म्हणाला, शोधा. पायाखाली नुसता पाचोळा. सगळ्यांनी इकडेतिकडे पाय आपटून पाहिले. त्याने वाकून पानं बाजूला केली, तर खाली लाकडी झाकण. पाटापेक्षा लहान. तो आत उतरला, दोन्ही हातांनी झाकण डोक्यावर धरलं, वर थोडी पानं ओढून घेतली आणि खाली बसला. झाकण बसलं की संपलं. कडेची फट मी चष्मा पुसून शोधली, नाही सापडली. शालकाला उतरायची फार हौस. तो कमरेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मापच ते. सडपातळ माणसाच्या मापाचं दार, आणि धडधाकट अमेरिकन सैनिक त्यातून जाऊ शकत नाही हाच त्याचा उपयोग.

पुढे मॉडेल ठेवलंय, जमिनीचा उभा छेद दाखवणारं, आणि मी तिथून हललोच नाही. तीन मजले. पहिला साधारण ३ मीटरवर, वरून रणगाडा गेला तरी टिकणारा. दुसरा ६ मीटरच्या आसपास. तिसरा त्याहून खाली, ८ ते १० मीटर. सगळं मिळून जाळं २५० किलोमीटरच्या घरातलं. सुरुवात १९४०च्या दशकाच्या शेवटी फ्रेंचांविरुद्ध झाली. आधी एकेका गावापुरती लपायची भुयारं, मग गावं एकमेकांना जोडत गेली, आणि अमेरिकन आल्यावर काम वाढलं. हत्यारं काय, तर आखूड दांड्याची कुदळ आणि बांबूची टोपली. काँक्रीट नाही, लाकडी टेकू नाहीत. छताला नुसती कमान.

"हे उभं कसं राहिलं?" मी विचारलं. गाइडने भिंतीचा एक तुकडा नखाने खरवडून दाखवायचा प्रयत्न केला. निघेना. लोहयुक्त चिकणमाती, आपल्या जांभ्याच्या जातीची. पावसाळ्यात ओली असताना कुदळीला वश होते, वाळली की विटेसारखी. निफाडच्या काळ्या मातीत असा बोगदा पहिल्या उन्हाळ्यात भेगाळला असता आणि पहिल्या पावसात बसला असता. आणि काळी माती संपली की आपल्याकडे मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मग यारी आणा, सुरुंग लावा, आणि सुरुंग काही गुपचूप लावता येत नाही. म्हणजे निम्मं युद्ध ह्या जमिनीनेच लढलं असं मला वाटतं, आणि फिल्ममध्ये तिचं नाव नाही.

आणि मग माझा प्रश्न. माती कुठे?

गाइड हसला, म्हणाला, हा प्रश्न शेतकरी विचारतात. उत्तर असं: रात्री टोपल्यांतून न्यायची. बॉम्बने पडलेल्या खड्ड्यांत भरायची, नांगरलेल्या शेतात पसरायची, भाताच्या बांधांवर घालायची, नदीत सोडायची. सायगॉन नदी जवळच आहे. वरून विमानं टेहळणी करत असायची, ताज्या मातीचा एक ढीग दिसला तरी संपलं. त्यामुळे खोदण्याइतकंच काम माती नाहीशी करण्याचं, आणि ते गावातल्या बायका, म्हातारी माणसं, पोरं, सगळ्यांनी केलं.

परतताना बसमध्ये मोबाइलवर हिशेब मांडला, राहवलं नाही. २५० किलोमीटर म्हणजे ८ लाख २० हजार फूट. भुयार २ फूट रुंद, ३ फूट उंच धरा. ४९ हजार ब्रास झाले (ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदलेली माती फुगते, सव्वापट धरली तर ६१ हजार ब्रास. पाच ब्रासचा डंपर म्हटला तर १२ हजारांवर खेपा. हे फक्त भुयारांचं. आतले दवाखाने, बैठकीच्या खोल्या, शस्त्रं दुरुस्त करायच्या जागा, कोठारं, हे वेगळंच. आमच्या खात्यात ह्याचं अंदाजपत्रक केलं असतं तर 'माती वाहतूक, अंतरासह' ह्या एका बाबीवर फाइल दोन वर्षं फिरली असती. आणि ह्यांनी ते टोपल्यांनी, अंधारात, मोजमाप वहीशिवाय केलं. शालक म्हणाला, "दाजी, आता रिटायर झालात, सोडा." सोडवत नाही.

आमच्या हिचं लक्ष मात्र चुलीवर. ह्या चुलीला होआंग काम चूल म्हणतात. ज्याने ती काढली त्या सैन्यातल्या स्वयंपाक्याचं हे नाव, आणि काढली ती फ्रेंचांशी युद्ध चालू असताना. चूल जमिनीखाली, धूर लगेच वर सोडायचा नाही. तो एकामागून एक कप्प्यांतून फिरवायचा, तिथे तो थंड होतो, आणि शेवटी लांबवर पाचोळ्याखालून इतका विरळ बाहेर येतो की जमिनीवरचं धुकंच वाटावं. स्वयंपाकसुद्धा पहाटे, खऱ्या धुक्यात. ही माहेरी चुलीपुढे वाढलेली. बराच वेळ वाकून वाकून बघून म्हणाली, "बाहेर दिसत नसेल हो. पण आत फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं काय?" गाइडला भाषांतर करून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि उत्तर दिलं नाही.

हवेसाठी वरपर्यंत तिरकी भोकं, पाऊस सरळ आत येऊ नये म्हणून तिरकी, आणि तोंडाशी वारुळासारखा मातीचा ढिगारा. कुत्र्यांना वास लागू नये म्हणून तिथे मिरपूड टाकायचे. नाहीतर अमेरिकन साबण आणि मेलेल्या सैनिकांचे कपडे ठेवायचे, म्हणजे कुत्र्याला आपल्याच माणसाचा वास. विषारी वायू सोडला तर? भुयार मध्येच खाली वळवून तेवढ्या भागात पाणी भरून ठेवलेलं. आपल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं तत्त्व. पाण्यातून बुडी मारून माणूस पलीकडे जातो, वायू अलीकडेच राहतो. हे ऐकल्यावर मी गाइडशी हात मिळवला. त्याला कारण कळलं नसावं.

जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन मिळून सुमारे ८ हजार सैनिक ह्या भागात उतरले, ऑपरेशन क्रिम्प. तोवर भुयार सापडलं की तोंड उडवून द्यायची पद्धत होती. ऑस्ट्रेलियन इंजिनिअर पहिल्यांदा आत शिरले, पिस्तूल आणि टॉर्च घेऊन, आणि आत किती काय आहे ते कळलं. त्यांचा एक कॉर्पोरल तिथेच अरुंद जागेत अडकून गुदमरून गेला. पुढे ह्याच कामासाठी निवडलेल्या लहानखुऱ्या सैनिकांना टनेल रॅट, म्हणजे बोगद्यातले उंदीर, म्हणू लागले. पुढच्या जानेवारीत ३० हजार सैनिकांची मोहीम झाली, तरी भुयारं राहिलीच. शेवटी बी-५२ विमानांच्या बॉम्बनी बरीच कोसळली, पण तोवर अमेरिका निघायच्या बेतात होती. आतल्या लोकांचे हालही काही कमी नव्हते. लढाईच्या जखमांखालोखाल माणसं मलेरियाने मेली, आणि पोटात जंत नसलेला माणूस मिळणं कठीण.

आता रांगण्याचं. पर्यटकांसाठीचा तुकडा मुद्दाम रुंद केलेला आहे, मध्ये दिवे, थोड्या थोड्या अंतरावर बाहेर पडायला वाटा. शालक तोंडाशी उभा राहून म्हणाला, "सीता गुंफेत जाऊन आलोय की आपण, ह्यात काय!" पंचवटीत मागून लोक ढकलत असतात, पुढे राम-लक्ष्मण-सीतेचं दर्शन असतं, माणूस जातो. इथे पुढे फक्त समोरच्याच्या चपला. आधी ओणवं चालता येतं, मग दोन्ही हात टेकावेच लागतात. भिंत गार आणि गुळगुळीत, हवा मात्र दमट, पाठीवरून घाम उलटा मानेकडे येतो. एका वळणावर पुढचा पोरगा थांबला, म्हणून मी थांबलो, म्हणून मागचे थांबले. काही सेकंदच असतील. छत पाठीला लागलेलं, मागे वळता येत नाही. मी भिंतीवरच्या कुदळीच्या खुणा बघत बसलो. पहिली वाट दिसली तिथून वर आलो. शालक त्याच्या पुढच्या वाटेने आला आणि सीता गुंफेचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

सापळ्यांचा विभाग मला आवडला नाही. बांबूचे टोकदार सुळे, पायाखाली फिरणारी फळी, दारावरून अंगावर येणारा काट्यांचा पट्टा, आणि मागे भिंतीवर त्यात अडकून किंचाळणाऱ्या सैनिकांची चित्रं. प्रत्येक सापळा चालवून दाखवतात आणि लोक हसतात. पोरं हसली ते एकवेळ ठीक.

पलीकडे फायरिंग रेंज. एके-४७, एम-१६, पाहिजे ती घ्या, गोळ्या किमान दहाच्या पटीत. त्यामुळे सगळ्या जंगलात सारखा धडाड धडाड आवाज. माझं बालपण देवळाली कॅम्पात गेलं, तोफखान्याचा सराव चालला की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि आई फोडणी देत राहायची. त्यामुळे मला आवाजाचं काही नाही, पण इथे तो तिकीट काढून होतो ह्याचं कसंसंच वाटलं. शालकाने दहा गोळ्या उडवल्या. लक्ष्यावर किती लागल्या ते त्यालाच विचारा.

शेवटी लाकडी बाकावर बसवून चहा आणि उकडलेला कंद देतात. युद्धात भात कधीतरी मिळायचा, रोजचं पोट ह्या कंदावर. हा टॅपिओका, ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो. सोबत शेंगदाणे, तीळ, मीठ, साखर ह्यांचं कूट. कंद गरम, मधे दोऱ्यासारखी शीर असते ती काढून टाकायची, उरलेला कुटात बुडवायचा. हिने दुसरी ताटली मागून घेतली. "तीळ नसते ना, तर संकष्टीला चालला असता," म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी: सकाळचीच टूर घ्या, दुपारी उकाड्याने जीव जातो. फिकट कपडे नकोत, डासांचं मलम असू द्या. ज्यांचे गुडघे बोलतात किंवा ज्यांना लिफ्टमध्येही घाबरायला होतं त्यांनी खाली उतरू नये, वर बघायला भरपूर आहे. वेळ असेल तर बेन दुओक गाठा, लांब आहे पण गर्दी कमी, आणि तिथे स्मारक-मंदिर आहे, भिंतींवर ४४ हजारांहून जास्त मृतांची नावं. आमचं ते राहिलं. नदीतून स्पीडबोटीनेही कू चीला जाता येतं, भाडं बसच्या कितीतरी पट. शालक म्हणतो, पुढच्या वेळी बोटीने जाऊ. पैसे तो देणार असेल तर माझी काही हरकत नाही.