कोरड्या काळात प्रार्थना टिकवताना: माझा अनुभव

प्रार्थनेला बसलं की शब्द सुचत नाहीत. बायबलचं वचन वाचून होतं, पण मनाला भिडत नाही. उपासनेत सगळे गात असतात आणि आपण नुसते उभे असतो. असे काळ माझ्या वाट्याला एकदाच आले नाहीत. त्यांत जे उपयोगी पडलं, ते लिहितो.

आधी शरीराकडे पाहावं. बायबलमधल्या १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, एवढंच सांगतो. भाकर, पाणी, झोप, आणि पुन्हा भाकर. देवाशी बोलणं होतं ते चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. म्हणून जागरण, आजारपण, कामाचा ताण मी आधी तपासतो. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, कशातच रस उरला नसेल, तर डॉक्टरकडे जावं. जगणंच नको वाटत असेल तर त्याच दिवशी. औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही.

मग अंतःकरण तपासावं. ठाऊक असलेलं पाप किंवा कुणाशी धरलेला अबोला असेल, तर पापाची नाव घेऊन कबुली द्यावी आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट करावा. काही सापडलं नाही तर उकरत बसू नये. प्रत्येक कोरडेपणाला शिक्षा समजलं की माणूस देवापासूनच लपायला लागतो.

आता रोजचा नेम. इथे दोन्ही बाजूंनी चूक होते: कुणी प्रार्थना सोडतो, तर कुणी भरपाई म्हणून तासभर बसायचा नवस करतो आणि चौथ्या दिवशी थकतो. मी पंधरा मिनिटं ठरवतो, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. फार जड गेलं तर एक मिनिट जास्त बसतो, कमी नाही. ही युक्ती येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस यांची, सोळाव्या शतकातली. मन उदास असताना आधी केलेला निर्णय बदलू नये, हेही त्यांचंच सांगणं. मंडळी (चर्च) बदलणं, सेवा सोडणं, असले निर्णय मी त्या काळात घेतच नाही.

स्वतःचे शब्द नसतात तेव्हा बायबलमधली दीडशे स्तोत्रं उसनी घ्यावीत. तारखेच्या अंकापासून सुरुवात करून तीस-तीस मिळवत जायचं: ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. तीस दिवसांत दीडशे पुरी होतात. २९ तारखेला येणारं ११९ वं १७६ ओव्यांचं आहे. ते ३१ तारखेसाठी ठेवावं, आणि महिन्याला ३१ तारीख नसेल तर थोडं थोडं करून वाचावं. मोठ्याने वाचावं, म्हणजे मन भरकटलं तरी कान ऐकत राहतात. १३ तारखेला पहिल्या दोन ओव्यांतच ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. २८ तारखेला ८८ वं येतं, जे अंधारातच संपतं. तिथे घाई करून पुढच्या ११८ व्याच्या उपकारस्तुतीकडे पळू नये. ८८ वं स्तोत्रही पवित्र शास्त्रातच आहे, म्हणजे अशी प्रार्थना देवाला चालते. मला सर्वांत जास्त धीर याच स्तोत्राने दिला आहे.

प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी, चुकवू नये. तिथे काही वाटलंच पाहिजे असं नाही. भाकर हातावर घ्यायची, खायची, एवढं पुरे.

एका विश्वासू माणसाला मात्र सांगावं, आणि स्पष्ट सांगावं: “सल्ला नको, माझ्याकडून होत नाही तोवर माझ्यासाठी तू प्रार्थना कर.” मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं होतं, आणि येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला.

ओलावा परत येतो तो बहुधा गाजावाजा न करता. एखादी ओवी थांबवून धरते, कुणासाठी प्रार्थना करताना गळा दाटतो. तेव्हा उत्साहात नेम दुप्पट करायचा मोह होतो, आणि पुढची दमछाक तिथूनच सुरू होते. दुसऱ्या दिवशीही मी पंधराच मिनिटं बसतो, त्या तारखेची पाचच स्तोत्रं घेऊन.