तुम्ही विचारलंत म्हणून : तेव्हा तिथे बघायला कोण होतं?

लग्नाच्या पंगतीत, गडाच्या पायथ्याशी चहा पिताना, कधी सोसायटीच्या गच्चीवर, मी भूविज्ञान शिकवते हे कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. "तुम्ही म्हणता हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तेव्हा तिथे बघायला कोण होतं?"

सह्याद्री लाव्ह्याचा आहे, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. ते परत सांगत नाही. तुमची शंका त्याच्या पुढची आहे आणि शंका घेतल्याचा मला राग नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. तुम्हाला वाटतं, आम्ही यंत्रातून एक आकडा काढतो आणि मग त्या आकड्याभोवती गोष्ट रचतो. प्रत्यक्षात गोष्ट आधी दगडात सापडते, आकडा सगळ्यात शेवटी येतो, आणि आधीच्या खुणा धड नसतील तर तो आकडा टाकून द्यायचा असतो. हे मी आज ठामपणे सांगते. पंचवीस वर्षांची असताना मी नेमकी उलट वागले होते. इतकी वर्षं तुम्हाला 'अर्धायुष्य, किरणोत्सर्ग, प्रयोगशाळा' असं दोन मिनिटांचं उत्तर देत आले, त्यात ती गोष्ट कधीच सांगितली नाही. आज सांगणार आहे.

त्याआधी कड्यासमोर उभे राहा, म्हणजे मी काय वाचते ते दिसेल. घाटरस्त्यावर जिथे डोंगर कापलाय तिथे खाली घट्ट काळा खडक असतो. वर गेलं की त्यात भोकं दिसू लागतात, काही रिकामी, काही पांढऱ्या गारगोटीने भरलेली. विहिरी खणणारे याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्याही वर काही ठिकाणी हातभर तांबडा गेरूचा थर, आणि गेरूवर पुन्हा घट्ट काळा खडक. भोकं म्हणजे लाव्ह्यातून वर चढलेले वायूचे बुडबुडे, त्यामुळे प्रवाहाचा माथा कुठला ते कळलं. गेरू म्हणजे तो माथा उघड्यावर पडून झिजला, त्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. म्हणजे दोन प्रवाहांच्या मध्ये एवढी उसंत होती की माती तयार व्हावी. हे वाचायला यंत्र लागत नाही. काळा फत्तर, मांजऱ्या, गेरू हा क्रम विहीर खणणारी माणसं हाताने ओळखतात, कारण पाणी कुठे लागेल ते त्यावर ठरतं.

आणि बघायला कोण होतं विचाराल, तर मुंबईत वरळीला बेडूक होते. तिथे लाव्ह्याच्या थरांमध्ये गाळाचा थर आहे, त्यात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. तिथे पाणी साठत होतं, त्यात जीव वाढत होते, याची ती साक्ष आहे.

डोळ्यांना न दिसणाऱ्याही खुणा असतात. खंडाळ्याच्या थरांवर बुशे नावाचा थरसमूह आहे आणि त्याच्याही बराच वर आंबेनळी. हातात घेतले तर दोन्ही काळे दगड. पण दोघांतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर काढलं तर आंबेनळीत ते 0.704 ते 0.705 च्या आसपास येतं आणि बुशेमध्ये 0.713 च्याही वर जातं. एवढं जास्त गुणोत्तर फार जुन्या ग्रॅनाइटी खडकांत असतं. अर्थ असा की बुशेचा लाव्हा वर येताना वाटेतला जुना खडक वितळवून, पोटात घेऊन आला. कुणी म्हणेल, ही कल्पनाच झाली. मग कोयनेला या. 1967 च्या मोठ्या भूकंपापासून तिथे होत आलेल्या भूकंपांची कारणं शोधण्यासाठी पुढे खोल विंधनं झाली, त्यातल्या रासाटीच्या विंधनात सुमारे 933 मीटर बेसाल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा खडक, संपल्यावर खाली ग्रॅनाइट आणि त्याच्याच जातीचा जुना नाइस खडक लागला. हा खडक आत असणार, हे दगडांवरून आधीच मांडलेलं होतं. नंतर तो हातात आला.

लाव्हा थिजून थंड होताना त्यातल्या लोहकणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेत गोठतं. हे 1950 च्या दशकात दख्खनच्या दगडांवर मोजलं गेलं. त्या दगडांनी सांगितलं की आपला जन्म विषुववृत्ताच्या दक्षिणेला, 30 अंशांच्या आसपास झाला. भारत सरकत उत्तरेला आला ही गोष्ट मान्य व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती. सगळ्या साक्षीदारांना एकमेकांसमोर उभं करायचं, एवढंच आमचं काम असतं.

आता ती गोष्ट.

1994 च्या डिसेंबरात मी धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला डाईक मोजत फिरत होते. तापीच्या दक्षिणेचा तो मुलूख डाईकनी भरलेला आहे. जमिनीतल्या भेगेत लाव्हा घुसतो, तिथेच थिजतो, पुढे आजूबाजूचा खडक झिजतो आणि मधली भिंत उघडी पडते. माळावर अशा भिंती मैलोन् मैल गेलेल्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. त्यातल्या एकीला माझ्या वहीत सत्तावीस नंबर होता.

सत्तावीस नंबरचा डाईक दुसऱ्या एका डाईकला आरपार छेदून गेला होता. भिंतीला तडा गेला तर तडा भिंतीच्या नंतरचा, त्यामुळे सत्तावीस धाकटा, यात वादच नव्हता. शिवाय त्याच्या कडेला दोन बोटं रुंदीचा काचेसारखा काळा पट्टा होता. गरम लाव्हा थंड खडकाला टेकला की कडेने झटकन थिजतो, तशी ती खूण. म्हणजे सत्तावीस आत घुसला तेव्हा थोरला डाईक थंड झालेला होता. पण किती काळ आधी? शंभर वर्षं की एक कोटी? हे छेद सांगत नाही, काळा पट्टाही सांगत नाही. आणि मला ते कोटी वर्षं हवं होतं. मोठे उद्रेक सरल्यावर पुष्कळ काळाने इथे पुन्हा लाव्हा वर आला, हे मला दाखवायचं होतं. प्रबंधाचं सगळं वजन मी त्यावर टाकलं होतं.

ज्यांच्या शेतात तो डाईक होता त्या काकांनीच घण मारून मला तुकडा काढून दिला. दोन घाव घातल्यावर ते थांबले. म्हणाले, "ताई, बद्द वाजतो हा. दुसरीकडचा घ्या." ताजा बेसाल्ट घणाखाली खणखणीत वाजतो. आतून कुजलेला बद्द वाजतो. मी ऐकलं. पण ऊन चढलं होतं, तोच भाग छेदाच्या सगळ्यात जवळ होता, आणि आणखी वीस पावलांवर दगड कसा आहे ते मी बघितलं नाही. वहीत आवाजाबद्दल एक शब्द लिहिला नाही.

परत आल्यावर थिन सेक्शन केलं, म्हणजे दगडाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती, उजेड आरपार जाईल अशी. सूक्ष्मदर्शकात फेल्डस्पार या खनिजाच्या पट्टेरी काड्या स्वच्छ दिसत होत्या. पण काड्यांच्या मधल्या जागेत जिथे काच असायला हवी तिथे हिरवट तपकिरी चिकणमाती झालेली होती. एक ठिपका नाही, ठिकठिकाणी. ते मी बघितलं. चकती काढून ठेवली, आणि त्याच दगडाचा दुसरा तुकडा वय काढायला पाठवला.

ही पद्धत पोटॅशियम-आरगॉनची. पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश मोडतो, त्याचं अर्धायुष्य 125 कोटी वर्षांचं, आणि त्यातल्या थोड्या भागाचा आरगॉन वायू होतो. लाव्हा पातळ असताना वायू निघून जातो. दगड थिजला की तो आत अडकून साठायला लागतो. साठा मोजला की काळ कळतो. पण रांजण फुटका असेल तर? काचेची माती झाली की आरगॉन झिरपतो, बाहेरून पोटॅशियमही आत येऊ शकतं. साठा कमी भरतो आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो. हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं.

आकडा आला, पाच कोटींच्या जरासा वर. मला हवा होता तसाच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला. "नमुना ताजा होता ना?"

मी म्हणाले, "हो सर."

त्या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. मी स्वतःला समजावलं होतं की माती फार नाही, की इतरांनीही याहून वाईट नमुने मोजलेत, की छेद तर खराच आहे. प्रत्येक वाक्यात थोडंसं तथ्य होतं. म्हणूनच ते तोंडातून इतकं सहज निघालं.

पुढे एका परिषदेत मी हा आकडा मांडला. पहिल्या रांगेत एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांनी हात वर केला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "थिन सेक्शन आणलंय का तू?" मी नाही म्हणाले. ते माझ्या पर्समध्ये होतं, रुमालात गुंडाळलेलं. ते म्हणाले, "बरं. आण कधीतरी." आणि खाली बसले. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण सकाळी उठून मी कुणाला काही सांगितलंही नाही. प्रबंध त्या आकड्यासकट गेला.

दोन वर्षांनी तोच दगड आरगॉन-आरगॉन पद्धतीने मोजायची संधी मिळाली. यात दगड टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्यावर निघालेल्या वायूचं वय वेगळं काढतात. दगड धड असेल तर बहुतेक टप्पे एकच वय सांगतात, आलेखावर सपाट पठार दिसतं. माझ्या दगडाचं पठार आलंच नाही. प्रत्येक टप्प्याला वेगळं वय, जिन्यासारखं चढत गेलेलं. त्यातून कुठलाही आकडा काढता येत नव्हता, जुना नाही, नवाही नाही.

मी तो कागद घेऊन सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं, आवाज, चकती, रुमाल. ते बराच वेळ आलेख बघत राहिले. मग म्हणाले, "तू हो म्हणालीस, म्हणून मी पुढे विचारलं नाही." रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी दुरुस्तीची छोटी टीप लिहिली, ती छापूनही आली. तोवर माझा आकडा दुसऱ्या दोघांच्या लेखांत शिरला होता. टीप वाचायला कोण जातं?

आता तुम्ही म्हणाल, मग तुमचे बाकीचे आकडे तरी कशावरून खरे? हा प्रश्न मला टोचतो, आणि तो टाळायचा मला हक्क नाही. लोणारचं उदाहरण घ्या. ते विवर ज्वालामुखीचं की उल्कापाताचं, यावर पुष्कळ वर्षं वाद होता. आघाताने काच झालेला फेल्डस्पार तिथे सापडला, 1973 मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि तो वाद उल्केच्या बाजूने झुकला. पण वय? उष्मादीप्तीच्या, म्हणजे दगड तापवून त्यातून निघणारा उजेड मोजायच्या, पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं आलं होतं. 2011 मध्ये आरगॉन-आरगॉनने आलं सुमारे 5 लाख 70 हजार. दसपटीहून जास्त फरक! मी वर्गात दोन्ही आकडे फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, कुठल्या पद्धतीने कुठली घटना मोजली, आणि नंतर त्या दगडाचं काय काय झालं असेल?

दख्खनच्या लाव्ह्याचंही तसंच. 2019 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. दोघांचेही नमुने सह्याद्रीतले. एकाने थरांमधल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांचं वय मोजून चार मोठी आवर्तनं सांगितली, त्यातलं एक डायनोसॉर संपले त्याच्या जरा आधीचं. दुसऱ्याने आरगॉनवरून म्हटलं की बहुतांश लाव्हा त्या विनाशानंतर बाहेर आला. पण हे भांडण 6.6 कोटींच्या आतल्या थोड्या लाख वर्षांचं आहे. सहा कोटी की सहा हजार, असं ते नाही. हे मी जोर देऊन सांगते, कारण 'तज्ज्ञांतच एकमत नाही' एवढंच ऐकून लोक घरी जातात.

असं म्हणताना मी स्वतःची कातडी वाचवते आहे का? कधीकधी वाटतं तसं. ती पंचवीस वर्षांची मुलगी अजूनही मला म्हणते, छेद खरा होता ना, काळा पट्टा खरा होता ना, मग तो डाईक धाकटा आहे हे तर खरंच होतं! मी तिला म्हणते, धाकटा होता, पण किती, हे तुला माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं तू सांगितलंस. त्यावर ती विचारते, तुला तरी आज माहीत आहे का? नाही. सत्तावीस नंबरचं वय आजही कुणाला माहीत नाही. आणि मनात आत कुठेतरी मी आजही तो पाच कोटींचाच समजते. पुरावा नाही, तरी समजते.

येत्या थंडीत साक्रीला परत जायचं ठरवलं आहे. या वेळी डाईकच्या मध्यातला तुकडा घ्यायचा, कडेपासून लांब, आणि घणाचा आवाज वहीत आधी लिहायचा. काका आता नाहीत. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं की रस्त्याच्या खडीसाठी भिंतीचा बराचसा भाग फोडून नेला, पूर्वेकडचं टोक तेवढं शिल्लक आहे. जुनी चकती माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुम्ही कधी आलात तर सूक्ष्मदर्शक लावून देईन. फेल्डस्पारच्या काड्या सुंदर दिसतात, पण आधी त्यांच्या मधली जागा बघा.