फ्रीकॅडमध्ये रिब वाढवली तरी कन्स्ट्रेंट जागेवर राहावेत म्हणून: माझा अनुभव

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका कामासाठी पंपाच्या ओतीव ब्रॅकेटवरचे ताण फ्रीकॅड (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि कॅल्क्युलिक्स (ताणांचं गणित सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर) यांमध्ये काढायचे होते. मटेरियल एफजी 260 (करड्या ओतीव लोखंडाची एक प्रत), बेसची जाडी 12 मिमी, बोल्टची चार भोकं आणि बेअरिंगच्या बोअरवर 1800 न्यूटन भार. डिझाइन सतत बदलणार होतं, म्हणून कुठलं ऑब्जेक्ट कशावर अवलंबून आहे ते आधी नीट लावून घेतलं.

खरी डोकेदुखी फेसच्या, म्हणजे मॉडेलच्या एकेका पृष्ठभागाच्या, नावांची. फिक्स्ड कन्स्ट्रेंट (भाग कुठे घट्ट धरलाय ते सांगणारी अट) ‘फेस 6’ अशा क्रमांकानं पृष्ठभाग धरतो. मध्येच एक रिब (मजबुतीची पट्टी) घातली की क्रमांक हलतात आणि भोकातला कन्स्ट्रेंट शेजारच्या सपाट बाजूवर जाऊन बसतो. सॉल्व्हर तरीही बिनतक्रार चालतो, रंगीत चित्रही पटण्यासारखं येतं. म्हणूनच हे धोक्याचं आहे. नोव्हेंबर 2024 मधल्या 1.0 आवृत्तीनं हा त्रास बराच कमी केला, पण तेवढ्यावर विसंबू नये. मी स्केच (सपाट आराखडे) आधीच्या फीचरच्या फेसवर न ठेवता ओरिजिनच्या, म्हणजे न हलणाऱ्या मूळ प्लेनवर ठेवली आणि फिलेट (कडांच्या गोलाया) ट्रीमध्ये, म्हणजे फीचरच्या यादीत, सगळ्यात शेवटी घेतले.

मापं स्प्रेडशीटमध्ये ठेवून स्केचला जोडली. बॉडीचं (तयार झालेल्या घन आकाराचं) आकारमान त्याच शीटमध्ये परत आणलं, की सेल वेगळे असूनही सायक्लिक डिपेंडन्सीचा (दोन गोष्टी एकमेकींवरच अवलंबून असल्याचा) एरर येतो, कारण फ्रीकॅडच्या लेखी अख्खी शीट हे एकच ऑब्जेक्ट आहे. मापांची शीट वेगळी, हिशेबाची वेगळी केली की काम भागतं. कोण कोणाला जोडलंय ते टूल्समधल्या डिपेंडन्सी ग्राफमध्ये दिसतं. त्यासाठी ग्राफविझ (अशा आकृत्या काढणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल असावं लागतं.

माप बदललं की बॉडी नवी होते, मेश (गणितासाठी बॉडीची केलेली जाळी) मात्र जुनाच राहतो. त्याचे नोड (जाळीचे बिंदू) नव्या फेसवर सापडत नाहीत आणि भार अर्धवट लागतो किंवा लागतच नाही. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर मेश पुन्हा बनवायचा आणि एकेक कन्स्ट्रेंट उघडून फेस डोळ्यांनी बघायचा. हा कंटाळा करू नका.

रन झाल्यावर सॉल्व्हरच्या निकालाच्या डॅट फाइलमध्ये फिक्स्ड कन्स्ट्रेंटवरच्या आधारबलांची, म्हणजे रिअ‍ॅक्शनची बेरीज बघतो. ती 1800 आली तर भार पूर्ण पोचला, एवढंच कळतं. कन्स्ट्रेंट चुकीच्या फेसवर असला तरी ही बेरीज जुळतेच. म्हणून डिस्प्लेसमेंटही (कुठला बिंदू किती सरकला ते) तपासतो: चारही भोकांच्या आतल्या पृष्ठभागावर ते शून्य हवं, आणि बेसवर इतरत्र कुठेही सपाट शून्याचा पट्टा दिसता कामा नये.