घाणेरी काढणं: पावसानंतरची नोंद

उताराच्या वरच्या भागात कोयत्याने जमिनीलगत छाटलेल्या घाणेरीला (लँटाना, रानात पसरणारं परकं झुडूप) पुन्हा जोरदार फुटवे आलेत. खालच्या भागात मूळ तोडलं होतं, तिथे जागा जवळपास मोकळी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून ही फुटते, आणि गाठ मातीआड असते. त्यामुळे वरून छाटून किंवा जाळून काही साधत नाही.

खालच्या भागात वापरलेली पद्धत दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांच्या गटाची, कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली. बुंध्याजवळची माती कुदळीने जरा उकरायची आणि पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ टिकावाने तोडायचं. अख्खं झुडूप खणू नका. माती भुसभुशीत झाली की पडलेल्या बियांचं आयतंच फावतं. तोडलेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं. आडवं टाकलं तर ओल्या मातीला टेकलेल्या पेरांतून ते पुन्हा मुळं धरतं. खोडावर बारीक काटे असतात, जाड हातमोजे हवेतच.

खालच्या भागातले मोजके फुटवे सगळे दगडांच्या बेचक्यातले. तिथे टिकाव नीट बसत नाही, घाव गाठीच्या वरच पडतो. आधी पहारीने दगड हलवावा, मग मूळ तोडावं.

आता खरं काम रोपांचं. बुलबुल, साळुंक्या काळी फळं खातात आणि जिथे बसतात तिथेच बिया टाकतात, म्हणून सगळ्यात दाट रोपं मोठ्या झाडांखाली आलीत. माती ओली असताना ती हाताने मुळासकट निघतात. वाळल्यावर देठ तुटतो आणि मूळ आत राहतं. मोकळ्या जागेत मारवेल आणि पवना गवताचं बी टाकलंय. रिकामी जमीन ठेवली तर घाणेरीच परत येणार.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला ही कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली, आणि रोपवाटिकांत आजही मिळते. ‘बी धरत नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींवर फार विसंबू नये: फळ नसलं तरी काहींचे पराग जिवंत असतात आणि रानातल्या घाणेरीशी संकर होऊ शकतो.

तोडलेल्या घाणेरीच्या ढिगांभोवती काट्यांचं कुंपण घातलंय. पाला खाल्लेल्या गुरांचं यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.