घट्टपणाचा आकडा बरोबर, तरी ऑइल बाद: ट्रॅक्टरच्या ऑइलचा रिपोर्ट वाचताना

डिपस्टिक ओढायची, ऑइल दोन बोटांत चोळायचं आणि "पार काळं झालंय, बदलून टाक" म्हणायचं, ही आपल्याकडची तपासणी. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळं पडतं. काजळी धरून ठेवणं हे त्यातल्या रसायनांचं कामच आहे. बोटाला घट्टपणाही कळत नाही. परभणीत मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे एकच ऑइल वेगवेगळं लागतं.

लॅबमध्ये व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, 100 अंश सेल्सिअसला मोजतात. डब्यावर 15डब्ल्यू-40 असो की 20डब्ल्यू-40, त्यातल्या 40 चा अर्थ त्या तापमानाला 12.5 ते 16.3 सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप). नवं ऑइल साधारण 14-15 च्या घरात असतं. असं दोन आकड्यांचं, म्हणजे मल्टिग्रेड ऑइल सुरुवातीला थोडं पातळ होतंच, त्यातलं पॉलिमर तुटतं म्हणून. पण आकडा 12.5 च्या खाली गेला म्हणजे 40 नंबरचं ऑइल 30 नंबरचं झालं.

खरी फसगत होते ती आकडा चांगला आल्यावर. नोझल टपकत असेल तर डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं आणि ऑइल पातळ करतं. काजळी त्याला घट्ट करते. दोन्ही एकदम झालं की रिपोर्टवर 14.2 येतात आणि मालक खूश! उसाच्या हंगामात हे हमखास होतं. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन तासन् तास स्लोवर असतं, ज्वलन थंड राहतं, न जळलेलं डिझेल लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या नळीवरून) खाली येतं. म्हणून व्हिस्कॉसिटीच्या शेजारी फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते तो), डिझेलचं प्रमाण आणि काजळी पाहायचीच. नव्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट 200 अंशांच्या वर असतो. तो 180 च्या खाली घसरला की आधी नोझल आणि पंप तपासायचे. नुसतं ऑइल बदललं तर नवंही तसंच होईल.

त्यात केबलवरचा जुना अवरमीटर इंजिनाचे फेरे मोजतो, घड्याळ नाही. स्लोवर खरा एक तास गेला तरी तो जेमतेम अर्धा दाखवतो. यार्डात उभ्या ट्रॅक्टरचे ऑइल बदलीचे 250 तास हे म्हणूनच 250 नसतात.

नमुना घेताना इंजिन कामावरून आलेलं, गरम हवं. चेंबरचा नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्यावी, तळाचा गाळ तिच्यात येतो. मधल्या धारेतलं शंभरेक मिली कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यावं. पाण्याची रिकामी बाटली नको, एक थेंब राहिला तरी रिपोर्टात पाणी दिसतं. चिठ्ठीवर ऑइलचे तास, इंजिनाचे तास आणि मध्ये किती टॉप-अप केलं ते लिहावं. आठ लिटरच्या चेंबरमध्ये दोन लिटर नवं पडलं असेल तर झिजेतून आलेल्या लोखंडाचा आकडा आपोआप कमी येतो. त्याच डब्यातल्या नव्या ऑइलचा नमुनाही एकदा पाठवावा. त्याशिवाय तुलना कशाशी करणार?

आता सिलिकॉन, म्हणजे ऑइलमधल्या धुळीची खूण. मराठवाड्यात रिपोर्टातला हा रकाना मी सगळ्यात आधी वाचेन. सोयाबीनची मळणी, उन्हाळ्यातली नांगरट, कोरड्या काळ्या रानातला रोटाव्हेटर: ट्रॅक्टर दिवसभर धुळीत असतो. नव्या ऑइलमधला सिलिकॉन वजा करून वाढ 20-25 पीपीएमच्या (दहा लाखांतले भाग) पुढे गेली, सोबत ॲल्युमिनियमही चढलं, तर इंजिन माती खातंय. पाठोपाठ लोखंड म्हणजे लायनर, क्रोम म्हणजे रिंगा. एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा होज काढून आत पांढरा रुमाल फिरवा. धूळ निघाली तर क्लिप ढिली आहे, होज चिरलाय किंवा ऑइल बाथच्या (ऑइलमध्ये धूळ पकडणाऱ्या एअर क्लीनरच्या) वाटीत ऑइल खुणेपर्यंत नाही. सिलिकॉन एकटाच वाढला असेल आणि इंजिन नुकतंच खोललं असेल, तर तो बहुतेक पॅकिंगच्या सिलिकॉन पेस्टचा; पुढच्या बदलीला उतरतो.

शिसं आणि तांबं एकदम चढलं तर बेअरिंगकडे बघा. सोडियम-पोटॅशियम आणि पाणी एकत्र आलं तर कूलंट उतरतंय, हेड गॅस्केट किंवा लायनरची रबर रिंग पाहावी लागेल. टीबीएन, म्हणजे गंधकापासून होणारं आम्ल मारायची ऑइलची ताकद, नव्याच्या निम्म्यावर आला की ऑइल बदलायचं, पण 2020 पासून डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमच्या आत असल्याने तो पूर्वीसारखा झपाट्याने पडत नाही.

एक मर्यादा लक्षात ठेवावी: लॅबचं नेहमीचं यंत्र 5-8 मायक्रॉनपर्यंतचेच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नीट मोजतं. गिअर किंवा बेअरिंगचा मोठा तुकडा पडला तरी रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. म्हणून बदलीच्या वेळी जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघाव्यात.

घरच्या घरी पाण्याची चाचणी होते. तवा चांगला तापवून त्यावर थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. चष्मा लावा, आणि तो तवा परत चुलीकडे नेऊ नका.

आठ लिटरच्या ट्रॅक्टरला तपासणीवर बदली लांबवण्यात फारसं वाचत नाही, 250 तासांनाच बदलावं. हार्वेस्टर, पोकलेन, मोठा जनरेटर असेल तर मात्र दर बदलीला नमुना पाठवावा आणि सलग तीन रिपोर्ट बघूनच तास वाढवावेत.