किती जणांना ख्रिस्ती केलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नगरला घरी गेले की शेजारचे काका दर वेळी विचारतात, आणि खरं सांगायचं तर चर्चमधल्या मावश्याही विचारतात, फक्त त्यांच्या विचारण्यात आशा असते आणि काकांच्या विचारण्यात संशय: "तू तिकडं बेटावर मिशनरी होतीस ना, मग किती जणांना ख्रिस्ती केलंस?"

शून्य. एकालाही नाही. मी होते ती पॅसिफिक महासागरातली मार्शल बेटं, आणि तिथली माणसं आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांइतकीच जुनी ख्रिस्ती आहेत. ज्या अमेरिकन बोर्डाने, म्हणजे मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने, 1813 साली मुंबईत आणि 1831 मध्ये नगरला मिशन काढलं, त्याच बोर्डाची माणसं 1857 मध्ये तिकडच्या एबॉन बेटावर उतरली. म्हणजे बघायला गेलं तर ती आमची भावकीच निघाली. मी काय त्यांना येशू सांगणार, तिथल्या आज्या चार सुरांत गायला लागल्या की मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचे.

मी गेले होते तिसरीला शिकवायला. कॉलेजची पोरं एक वर्ष शिक्षण थांबवून मिशनच्या शाळांत फुकट, म्हणजे राहणं-जेवण आणि थोडासा हातखर्च यावर शिकवतात, त्याला स्टुडंट मिशनरी म्हणतात. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो आणि मे महिन्यात परत आलो. गाव माजुरो, ते तिथली राजधानी. जमीन म्हणजे खाडीभोवती टाकलेला एक बारीक पट्टा, समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच, एकच मोठा रस्ता आणि काही ठिकाणी टॅक्सीतून डावीकडे पण पाणी, उजवीकडे पण पाणी. टॅक्सी आपल्या शेअर रिक्षासारखी, वाटेत कोणीही चढतो.

एवढं पाणी आणि प्यायला नाही! पत्र्यावरचा पाऊस पन्हाळीतून टाकीत, त्यावर आमचं चालायचं. शहराचं पाणी तर विमानतळाच्या धावपट्टीवर पडलेला पाऊस गोळा करून येतं आणि तेसुद्धा रोज नाही. नगरकरांना हे समजावून सांगायला नको. माझ्याबरोबरच्या अमेरिकन पोरी बादलीकडे बघून रडकुंडीला आल्या होत्या, मी दीड तांब्यात केस धुवून दाखवले, त्या वर्षातली माझी पहिली आणि बहुतेक सगळ्यात मोठी शिकवणी तीच. पाऊस आला की मात्र वर्ग बंद, कारण पत्र्यावर असा ताशा वाजायचा की बोललेलं मलाच ऐकू यायचं नाही, मग सगळ्यांनी चित्रं काढायची.

वर्गात सव्वीस पोरं. दुसऱ्या आठवड्यात एकाला विचारलं, होमवर्क केलंस का? तो माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवतो. परत विचारलं, परत भुवया. मला वाटलं पोरगा मस्ती करतोय, दिला बाहेर उभा करून. दुपारी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई हसत म्हणाल्या, अगं तो हो म्हणत होता! तिकडे भुवया उचलल्या की हो. वही उघडली तर होमवर्क पूर्ण, अक्षर माझ्यापेक्षा बरं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हटलं, तर त्याने परत भुवया उडवल्या. ती सवय मला अशी लागली की परत आल्यावर आईने विचारलं चहा ठेवू का, मी भुवया उचलल्या, ती म्हणाली, तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?

खाणं म्हणाल तर भात, डब्यातला मासा, डब्यातलं मटण. पोरं मॅगीसारख्या नूडल्सचा पुडा न शिजवता चुरायची, वर सरबताची गोड-आंबट पावडर, आणि बोटं लाल होईपर्यंत चाटत बसायची (मी पण खाल्लंय, वाईट नाही लागत). आणि नीरफणस! कोकणातल्यांना माहीत असेल, आम्हा घाटावरच्यांना नाही. करवंट्यांच्या निखाऱ्यावर अख्खा काळा होईपर्यंत भाजायचा, साल खरवडली की आतून गरम पावासारखा.

1 मार्चला शाळेला सुट्टी असते. 1954 मध्ये त्या दिवशी अमेरिकेने तिथल्याच बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब फोडला होता. सगळ्या मार्शल बेटांवर मिळून 1946 ते 1958 मध्ये अशा सदुसष्ट अणुचाचण्या झाल्या. पोरांनी मला विचारलं, तू अमेरिकन का? नाही म्हटलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हायसं वाटलं.

काका, तुम्ही विचारायचाच तर दुसरा प्रश्न विचारा, वर्गातल्या पोरांनी पहिल्याच दिवशी विचारला तो. माझं नाव विचारायच्या आधी एक पोरगी म्हणाली, "मिस, तुम्ही कधी जाणार?" त्यांना दर वर्षी नवी, न शिकलेली, उत्साही टीचर मिळते, ती रडते आणि जाते. मला गुणाकार शिकवायला जमायला लागला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. हे मला पटत नाही, अजूनही नाही, आणि तरी मी गेले होते.

शेवटच्या दिवशी फळा पुसत होते तर तोच भुवयावाला दारात उभा. "पुढच्या वर्षी कोण येणार?" माहीत नाही म्हटलं.

"गिटार येत असेल असं कोणीतरी पाठवायला सांगा," म्हणाला आणि पळाला.